सुनेला टीबी आहे, सासूला सांगू का?

पत्र

नमस्कार सिस्टर. मी आशा आहे, नाशिक जिल्ह्यात, गावाचं नाव नका टाकू. माझ्या एरियात एक सून आहे, वय २२, लग्नाला वर्ष पण नाही झालं. दोन महिने खोकला होता, वजन उतरलं, मीच तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं तर बेडक्यात टीबी निघाला. गोळ्या सुरू होऊन आज बारा दिवस झाले. घरी तिने कोणालाच सांगितलं नाहीये, नवऱ्याला पण नाही. रक्तवाढीच्या गोळ्या आहेत म्हणते आणि पाकिटं तांदळाच्या डब्यात खाली दाबून ठेवते. माझा हात धरून शपथ घातली, ताई कोणाला सांगू नका, मला माहेरी नेऊन टाकतील. पण सिस्टर त्याच घरात तिच्या जावेला पाचवा महिना आहे, आणि जावेचा तीन वर्षांचा मुलगा सारखा हिच्याच कडेवर असतो. सासूला शुगर आहे. परवा डेअरीवर सासूने मला विचारलं की काय गं, आमच्या सुनेला नक्की काय झालंय, तर मी म्हटलं रक्त कमी आहे. मी खोटं बोलले.

वरून ग्रुपवर मेसेज आलाय की पोषण किट घेताना पेशंटचा फोटो काढून टाका. आणि सरपंच विचारतात की यंदा आपल्या गावात टीबीचं कोण निघालं, नाव सांग, पंचायतीला टीबीमुक्तचं सर्टिफिकेट मिळवायचंय. सांगितलं तर पोरीचा संसार मोडेल, नाही सांगितलं आणि त्या लेकराला झालं तर पाप माझ्या माथी. रात्र रात्र झोप नाही. काय करू?

– तुमची एक बहीण

उत्तर

बहीण म्हणून लिहिलंस तर मी पण अगं-तुगंच करते, चालेल ना.

आधी उत्तर सांगते, कारणं मागून. सासूला तू सांगायचं नाहीस. पण ही गोष्ट सहा महिने झाकून पण ठेवायची नाही. सांगायचं त्या पोरीने, आधी नवऱ्याला, आणि ते याच आठवड्यात व्हायला पाहिजे. तुझं काम तिला तिथपर्यंत नेण्याचं आहे, आणि ते सांगून मोकळं होण्यापेक्षा किंवा गप्प बसण्यापेक्षा जास्त कष्टाचं आहे हे मला माहितीये.

आता तू जी भीती घेऊन बसलीयेस ती जरा सोडवून बघू. तुला वाटतंय की रोज एक दिवस गप्प बसले म्हणजे रोज त्या लेकराला धोका. तसं नाहीये गं. टीबी पसरतो तो गोळ्या सुरू व्हायच्या आधी, निदान झालेलं नसताना, म्हणजे तिचे ते खोकल्याचे दोन महिने. गोळ्या लागू पडल्या की साधारण दोन आठवड्यात पसरण्याचा धोका खूप कमी होतो, म्हणजे गोळी एक दिवस न चुकवता घेत असेल तर ती आता त्या टप्प्याजवळ आलीये. तोवर तोंडाला रुमाल, खिडकी उघडी आणि लेकराला रात्री आईजवळ झोपवणं, एवढं तिला आजच सांग. ताट वेगळं, तांब्या वेगळा, अंथरूण वेगळं असलं काही लागत नाही, भांड्यातून टीबी होत नाही. तेव्हा "घरच्यांना सांगितलं तर ते तिच्यापासून लांब राहतील आणि वाचतील" हा विचार डोक्यातून काढ. जे जंतू जायचे ते त्या दोन महिन्यात श्वासातून गेले असतील तर गेले. आता लांब राहून उपयोग नाही, आता तपासून उपयोग आहे.

आणि माहेरी धाडायची गरज नसते हे आपण आजच म्हणतोय असं पण नाही. १९५६ साली मद्रासला टीबीच्या औषधोपचारासाठी एक केंद्र निघालं, त्यांनी गरीब वस्तीतले पेशंट घेतले, अर्ध्यांना सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या खास दवाखान्यात, ठेवलं आणि अर्ध्यांना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरात ठेवून तेच औषध दिलं. घरातल्यांचं खाणं सॅनेटोरियमपेक्षा पुष्कळ कमी, विश्रांती कमी, तरी बरे होण्यात म्हणावा तसा फरक पडला नाही आणि महत्त्वाचं म्हणजे घरी ठेवलेल्या पेशंटच्या कुटुंबात टीबी जास्त निघाला नाही. १९५९ मध्ये ते छापून आलं आणि जगभर टीबीच्या पेशंटला घरदार सोडायला लावायची पद्धत हळूहळू मोडली. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण आपल्याच देशातल्या गरीब घरांनी हे सिद्ध करून दिलंय, आणि आपल्याच गावात अजून सुनेला गाठोडं बांधून माहेरी पाठवतात.

मग सांगायचं तरी कशाला, असं तू विचारशील. त्या लेकरासाठी. पाच वर्षांच्या आतलं पोर आणि घरात बेडक्याचा पेशंट, ही सगळ्यात नाजूक जोडी आहे. मोठ्या माणसात जंतू गेले तरी बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही, पण एवढ्या लहान पोरात ते पटकन अंगावर येतात, कधी कधी मेंदूपर्यंत जातात, जन्मल्यावर बीसीजीची लस दिलेली असली तरी पूर्ण भरवसा धरता येत नाही. म्हणून त्याची तपासणी पाहिजे, आणि टीबी नाही असं ठरलं तरी होऊ नये म्हणून प्रतिबंधाच्या गोळ्या पाहिजेत, लहान मुलाला आयसोनियाझिड रोज सहा महिने. आता मला सांग, तीन वर्षांच्या पोराला त्याच्या आईला कारण न सांगता सहा महिने गोळी कशी द्यायची? नाही देता येत. थाप मारून दिली तरी महिन्याभरात बंद पडते, कारण धडधाकट दिसणाऱ्या पोराला गोळी का द्यायची हे त्या माउलीला कळायला नको का. जावेला पाचवा महिना, तिला खोकला-ताप आहे का, वजन वाढतंय का हे बघायलाच पाहिजे, तिला कुठलं औषध चालेल ते डॉक्टर ठरवतील. सासूला शुगर, शुगरवाल्याला टीबी धरायची शक्यता जास्त. नवरा तर आहेच. म्हणजे या घराला त्या पोरीपासून वाचवायचंय असं नाही, त्या पोरीसकट अख्खं घर आपल्याला वाचवायचंय.

एवढं मान्य असेल तर मग तूच जाऊन का सांगायचं नाही? हे मी माझ्याच अनुभवावरून सांगते. टीबीच्या डॉट्स उपचाराचे ते सुरुवातीचे दिवस होते, दिवसाआड गोळ्या, आम्ही समोर बसून गिळायला लावायचो. उपकेंद्राच्या एका वाडीवर अशीच एक सून होती, तुझ्या पोरीपेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठी असेल. ती दोनदा गोळ्यांना आली नाही म्हणून मी दुपारची तिच्या घरी गेले, ती शेतावर होती, सासू ओट्यावर शेंगा फोडत बसलेली. मला वाटलं सासूला विश्वासात घेतलं तर ती सुनेकडे लक्ष देईल. मी चांगल्या मनाने सांगितलं. सासू काही बोलली नाही, फक्त हातातल्या शेंगा सुपात टाकल्या आणि पदराला हात पुसले, मला ते अजून दिसतं. तिसऱ्या दिवशी पोरगी माहेरी, दुसऱ्या तालुक्यात. तिच्या उपचाराच्या ट्रान्सफरचा मी पाठवलेला कागद तिकडे पोचेपर्यंत दीड महिना गेला, त्यात गोळ्या तुटल्या. पुढच्या वर्षी ती जत्रेत दिसली तेव्हा मी आधी ओळखलंच नाही तिला. ओळखल्यावर मी पुढे झाले तर तिने तोंड फिरवलं. बाकी काही मला सांगता येणार नाही, पण त्यानंतर मी कधी कोणाचं दुखणं त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या कानावर घातलं नाही.

आणि हे फक्त एका सुनेचं दुःख म्हणून बोलत नाहीये. पेशंटची गोष्ट पोटात ठेवणं आणि साथ आटोक्यात आणणं ही दोन वेगळी कामं आहेत, कधी कधी एकमेकांच्या आड येतात, असं आपल्याला ट्रेनिंगमध्ये वाटतं. मला तरी तसं कधी दिसलं नाही. पुण्यात १८९७ ला प्लेग आला तेव्हाचं बघ. फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला, इंग्रज अधिकारी रँडसाहेबाच्या कमिटीने गोरे सोल्जर घराघरात घुसवले, बाया-माणसांची तपासणी, देवघरापर्यंत बूट, सामान रस्त्यावर आणून जाळायचं. हेतू काय होता, तर साथ थांबवायची. झालं काय? लोक पेशंट लपवायला लागले. ताप आलेलं माणूस माळ्यावर दडव, मेलेलं माणूस गुपचूप पुर, पण खबर लागू द्यायची नाही. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांनी रँडवर गोळी झाडली ते सगळ्यांना पाठ असतं, पण आपल्यासारख्या आरोग्यवाल्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट ती लपवालपवीची आहे. त्याच साथीत त्याच पुण्याजवळ सावित्रीबाई प्लेग झालेल्या पोराला पाठीवर घेऊन त्यांच्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यात गेल्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. लोक त्यांच्या दवाखान्यात पेशंट आणत होते आणि कमिटीपासून लपवत होते, साथ एकच, शहर एकच.

कोविडमध्ये पण तू बघितलंच असशील, मार्च २०२० मध्ये हातावर होम क्वारंटाईनचे शिक्के मारले आणि लगेच पालघरला शिक्के बघून माणसांना गाडीतून खाली उतरवलं. मग लोक टेस्टला यायला घाबरायला लागले, ताप आला तर सांगेनात, सर्व्हेला गेलं की "आमच्याकडे सगळे ठीक" म्हणून दार लावून घ्यायचे. तुझ्या गावात उद्या कळलं की आशाताईला सांगितलं की गावभर होतं, तर पुढचा दोन महिने खोकणारा माणूस तुझ्याकडे येणारच नाही, आणि तो ज्या घरात खोकतोय तिथे पण एखादं तीन वर्षांचं लेकरू असेलच की.

कायद्याचं थोडक्यात सांगते कारण तुला कोणीतरी घाबरवेल. टीबी २०१२ पासून नोटिफायेबल आहे, म्हणजे पेशंट निघाला की सरकारला कळवायलाच लागतं, खाजगी डॉक्टरला पण. ते कळवणं निक्षयवर, म्हणजे सरकारच्या टीबी पोर्टलवर, झालंय, तुझी बाजू तिथे पूर्ण. सरकारला कळवणं म्हणजे गावाला कळवणं नव्हे. डॉक्टरांसाठी २००२ चे जे आचारसंहितेचे नियम आहेत त्यात पेशंटचं गुपित फोडायला बंदी आहे, आणि अपवाद तीनच, कोर्टाने सांगितलं तर, नोटिफायेबल आजार असेल तर, आणि एखाद्या ठरावीक माणसाला किंवा समाजाला खरंच गंभीर धोका असेल तर. तो तिसरा अपवाद लागू करायचा की नाही हे ठरवणं मेडिकल ऑफिसरचं काम आहे, तुझं नाही, हे नीट लक्षात ठेव आणि तेवढं ओझं खाली ठेव. आणि हो, टीबीच्या प्रत्येक पेशंटची एचआयव्ही टेस्ट होते, तर कोणाच्याही कार्डावर त्या टेस्टचं काही लिहिलेलं तुझ्या नजरेस पडलं तर ती बाब पूर्ण वेगळी, तिला २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे आणि तिथे आपल्या तोंडून अर्धा शब्द पण जायला नको.

आता करायचं कसं. तिच्याकडे रजिस्टर घेऊन जाऊ नकोस, घरात पण बोलू नकोस. कपडे धुवायला किंवा शेतावर एकटी असते तेव्हा गाठ. पहिल्यांदा तिला हे सांग की मी कोणाला बोललेले नाही आणि तुला विचारल्याशिवाय बोलणार पण नाही. हे ऐकल्याशिवाय तिच्या कानात दुसरं काही जाणारच नाही. मग गप्प बस, तिला बोलू दे. तिला कशाची भीती आहे ते तिच्या तोंडून येऊ दे, सासूची आहे, नवऱ्याची आहे, का माहेरच्यांनी लग्नाआधी खोकला लपवला असं म्हणतील याची आहे. भीती कुठली ते कळल्याशिवाय सल्ला देऊन फायदा नसतो, आपण आशा लोक इथेच घाई करतो.

मग तिला खरं काय ते सांग, की हे लपणार नाहीये. टीबीच्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, ते जावेला आज ना उद्या दिसणार. टीबी पेशंटला खाण्यासाठी सरकार देतं ते निक्षय पोषणचे पैसे येतील, १ नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० चे १००० झालेत, ते तिच्या खात्यावर येणार आणि खात्याला जर नवऱ्याचा मोबाईल जोडलेला असेल तर मेसेज त्याच्या फोनवर वाजणार. हे आजच बघून घे बाई, पासबुक कोणाचं, नंबर कोणाचा. आणि अजून एक, ती माला-एन ही पाळणा लांबवायची गोळी घेतेय का ते विचार. टीबीच्या गोळ्यांमुळे त्या गोळ्यांचा भरवसा राहत नाही, या सहा महिन्यात दिवस राहू नयेत असं वाटत असेल तर निरोध किंवा तांबी, डॉक्टरांना विचारून. हे तिला कोणी सांगितलं नसणार, कारण विचारणारं कोणी तिच्याजवळ नाहीये, नवऱ्यापासूनच लपवलंय तर निरोधचं बोलणार कशी. म्हणजे लपवण्यात तिचंच नुकसान किती आहे ते तिलाच दिसेल.

आणि मग लेकराचं काढ. पण धाक घालून नाही. "तुझ्यामुळे त्याला झालं तर" असं एक वाक्य जरी बोललीस तर ती पोरगी कोसळेल आणि वर गोळ्या पण सोडेल. असं म्हण की बघ, तू त्याला एवढा जीव लावतेस, त्याला काही होऊ नये याची गोळी सरकारकडे आहे, फुकट आहे, पण ती त्याच्या आईला सांगितल्याशिवाय देता येत नाही, आपण कसं करूया? "आपण" म्हण. बहुतेक बाया इथे स्वतःच वाट काढतात, मी पाहिलंय, एकदा तिच्यावर सोडलं की तीच म्हणते, मी ह्यांना सांगते पण तुम्ही जवळ राहा.

नवऱ्याला सांगायला मला सगळ्यात बरी जागा वाटते ती पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र. वजन करायला म्हणून दोघांनी यावं, मेडिकल ऑफिसरसाहेबांना तू आधी कल्पना देऊन ठेव, बाहेरच्या बाकड्यावर नाही तर आत, दार लावून. तिने सुरुवात करावी, नाही जमलं तर तिने मान हलवावी आणि डॉक्टरांनी बोलावं. तीन-चार गोष्टी त्याच्या डोक्यात पक्क्या बसल्या पाहिजेत, हा बरा होणारा आजार आहे, सहा महिन्याचा कोर्स आहे, आता तिच्यापासून धोका उतरणीला लागलाय, हा तिचा किंवा तिच्या माहेरचा दोष नाही, तिला कोणापासून तरी हवेतून मिळाला, कदाचित याच घरातून याच गावातून. आणि पुरुषाला सगळ्यात पटणारं वाक्य म्हणजे "आता तुमची पण तपासणी करून घेऊ", एकदा त्याचा स्वतःचा एक्सरे निघाला की तो स्वतःच्या आई-बापापुढे बायकोच्या बाजूने उभा राहतो. कोणी नातेवाईक काडीमोडाचं बोललं तर सांग की टीबी हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारणच नाही. कुष्ठरोग होता त्या यादीत, तो सुद्धा २०१९ ला काढून टाकला.

एक मात्र आधी विचारून घे. घरात मारहाण होते का? हे पहिल्याच भेटीत आडून आडून नाही, सरळ विचार. होत असेल तर वर सांगितलेलं सगळं थांबव, नवऱ्याला बोलवायचं नाही, आधी तिच्या विश्वासातलं माणूस शोधायचं, आई, भाऊ, कोणी मावशी, महिला हेल्पलाईनचा १८१ नंबर तिला तोंडपाठ करून द्यायचा, आणि डॉक्टर व एसटीएसना (टीबीच्या उपचारांवर देखरेख करणारे सुपरवायझर) हे कळवून मगच पुढचं ठरवायचं.

समजा सगळं करून ती नाहीच म्हणाली तर? आठवडाभर तू बोल, मग एसटीएसना बोलू दे, मग डॉक्टरांना. समुपदेशनात दोन-तीन वेळा नाही म्हणणारी बाई चौथ्यांदा हो म्हणते. तोवर तू तुझी रोजची कामं नेटाने कर, जावेच्या एएनसीला, म्हणजे गरोदरपणाच्या तपासणीला, खोकला, ताप, वजन, रात्रीचा घाम हे विचारायचंच असतं ते विचार, पोराचं अंगणवाडीत वजन कर आणि मागच्या दोन महिन्यांशी ताडून बघ. फक्त हे करतेय हे त्या पोरीला सांगून कर, तिच्या पाठीमागे नको. पोर खोकत असेल, वजन थांबलं असेल तर मग आठवडाबिठवडा बघायचं नाही, त्याच दिवशी पीएचसी. आणि एवढं करूनही तिने दार बंदच ठेवलं तर त्या तिसऱ्या अपवादाचा निर्णय डॉक्टर घेतील, पण तेव्हासुद्धा आधी तिला सांगायचं की आता आम्हाला बोलावं लागेल, आणि मग लागेल तेवढंच, लागेल त्यालाच. लेकराच्या आई-बापाला, अख्ख्या भावकीला नाही. माझं मत विचारशील तर मी इथे लेकराच्या बाजूने उभी राहीन, त्याला स्वतःला बोलता येत नाही. पण इतकी वेळ फार क्वचित येते, आणि येते तेव्हा बहुतेकदा आधीच्या पायऱ्या कोणीतरी गाळलेल्या असतात.

सासूला खोटं बोललीस त्याचं मनाला लावून घेतलंयस. डेअरीवर दहा माणसात कोणी असा प्रश्न टाकला तर भल्याभल्यांची जीभ वळते, पण पुन्हा नको, कारण उद्या कळल्यावर सासू म्हणेल आशानेच फसवलं, आणि मग जावेच्या बाळंतपणाला तुला दारात उभी करणार नाही. खरं बोलायचं आणि गुपित पण फोडायचं नाही, याला एक सोपं वाक्य आहे, मी वर्षानुवर्षं वापरलं, "आई, मी कोणाच्याच दुखण्याचं दुसऱ्याला सांगत नाही, तुमचं शुगरचं पण कोणाला सांगत नाही. सुनेला जवळ घेऊन विचारा, ती सांगेल." हे ऐकून कोणी रागावत नाही गं, उलट आपलं पण हिच्यापाशी सुरक्षित आहे असं वाटतं.

फोटोचं. नाही काढायचा, विषय संपला. निक्षय मित्राकडून, म्हणजे टीबी पेशंटला शिधा देणाऱ्या देणगीदाराकडून, किट घ्यायचं की नाही यालाच पेशंटची संमती लागते, आणि ती संमती शिध्याला असते, चेहरा ग्रुपवर टाकायला नसते. आणि तिला विचारून काढला असं कोणी म्हणालं तर मला ते पटत नाही, समोर तूरडाळ-शेंगदाण्याची पिशवी धरून फोटो काढू का विचारल्यावर भुकेलं माणूस हो शिवाय काय म्हणणार. वरच्यांना ग्रुपवर उत्तर देऊ नकोस, तिथे वाद होतो. फोन करून सांग, साहेब, वाटपाच्या रजिस्टरवर सही आहे, पिशव्यांचा फोटो टाकते, पेशंटचा टाकत नाही कारण ओळख उघड होते. बहुतेक साहेबांना पण वरून कोणीतरी मागितलेलं असतं, त्यांना तेवढं पुरतं. तरी अडून बसले तर तुम्ही सगळ्या आशा मिळून गटप्रवर्तकाला घेऊन तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा, एकटी भांडू नकोस.

सरपंचांना नाव द्यायचं नाही, आकडा द्यायला हरकत नाही. टीबीमुक्त पंचायतीला जे निकष आहेत त्यात कुठेच पेशंटचं नाव लागत नाही, दर हजारी ३० तरी तपासण्या झाल्या का, हजारी एकाच्या वर पेशंट नाहीत ना, बरे किती झाले, पोषणाचे पैसे पोचले का, असलं असतं ते. त्यांना म्हण नाव राहू द्या, गावात खोकल्याच्या तपासणीचं शिबिर लावा, पंचायतीकडून गाडी द्या, त्याने सर्टिफिकेटला खरी मदत होईल. आणि कोणी जर सुचवलं की तिचं नाव माहेरच्या पत्त्यावर टाका म्हणजे आपला आकडा कमी दिसेल, तर अजिबात ऐकायचं नाही, पत्ता तिकडे गेला की या घरातल्या चौघांची तपासणी कोणाच्याच यादीत राहत नाही.

घरात कळल्यावर मग शिध्याचं बघ. झारखंडमध्ये एक मोठा अभ्यास झाला, २०२३ ला प्रसिद्ध झाला, टीबी पेशंटच्या घरातल्या बाकीच्यांना पण तांदूळ, तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या तर त्या घरांत नवीन टीबी ३९ टक्क्यांनी कमी निघाला. नुसत्या चांगल्या पोषणाने. तुझी ती पोरगी नवी सून आहे, म्हणजे सगळ्यांची ताटं झाल्यावर शेवटी उरलंसुरलं खात असणार, जाऊ पण तशीच, पाचवा महिना असून. सासूला विश्वासात घ्यायचं ते इथे घे, आजाराचं नाव सुनेच्या तोंडून कळल्यावर. तिला म्हण आई, आता दोघी सुनांना तुमच्या बरोबर ताटावर बसवा, डॉक्टरांनी सांगितलंय. बऱ्याच सासवा ऐकतात, त्यांना फक्त काय करायचं ते कोणीतरी सांगावं लागतं.

उद्या सकाळी पहिलं त्या मुलाचं वजन कर आणि आकडा मागच्या दोन महिन्यांच्या आकड्यांसकट मला कळव, बाकी सगळं नंतर बोलू.